चुकांची बखर : माइनक्राफ्ट कसा घडला, कसा मोडला आणि कोणी दुरुस्त केला

१/ १७ मे २००९ रोजी मार्कस पेर्सन या स्वीडिश प्रोग्रामरने गेम-निर्मात्यांच्या एका मंचावर आपला अपुरा खेळ ठेवला. त्यात ना शत्रू होते, ना उद्दिष्ट. होते केवळ ठोकळे रचणे आणि फोडणे. ऑक्टोबर २०२३ पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. आजचा धागा या खेळाच्या घडणीविषयी आहे. ही घडण मुख्यतः चुका, दुरुस्त्या आणि अनाहूत पाहुण्यांनी केलेले फेरफार यांतून झाली.

२/ पूर्वपीठिका आधी पाहू. त्याच वर्षी झॅकरी बार्थ या अमेरिकन निर्मात्याचा ‘इन्फिनीमायनर’ प्रसिद्ध झाला होता. खेळाडूंच्या दोन तुकड्यांनी स्पर्धेने खनिज खणावे, हा त्याचा मूळ हेतू. लोकांनी स्पर्धा बाजूला ठेवली आणि ठोकळ्यांची घरे बांधायला सुरुवात केली. निर्मात्याने नियम आखावेत आणि खेळणाऱ्यांनी त्यांतून निराळाच खेळ शोधावा, हे सूत्र येथेच प्रथम दिसते.

३/ इन्फिनीमायनरचा अंत मात्र लवकर झाला. त्याचा कोड कोणालाही उलगडता येईल अशा स्थितीत होता, आणि तो उलगडला गेला. परस्परांशी न जुळणाऱ्या फेरफार केलेल्या प्रती पसरल्या, फसवेगिरी बोकाळली. बार्थने काम थांबवले आणि कोड सर्वांसाठी खुला केला. पेर्सनला त्या खेळातून कल्पना मिळाली होती. त्याने आपला खेळ जावा भाषेत लिहिला आणि कोड गूढ करून वाटला. या गूढ कोडाकडे आपण पुन्हा येऊ.

४/ पहिली प्रसिद्ध चूक २००९ मधलीच. पेर्सन डुकराची आकृती तयार करत होता. उंची आणि लांबी यांचे आकडे उलटसुलट पडले आणि आडव्या प्राण्याऐवजी चार आखूड पायांवरचे एक उभे, विचित्र धूड पडद्यावर आले. त्याने ते पुसले नाही. त्याला हिरवा रंग दिला, निःशब्द चालायला लावले आणि जवळ येऊन स्फोट होण्याचा गुण दिला. हाच क्रीपर, पुढे तो या खेळाची मुद्राच ठरला.

५/ क्रीपरमुळे खेळाची रचनाही बदलली. इतर शत्रू खेळाडूच्या जिवावर उठतात. क्रीपर त्याच्या बांधकामावरही उठतो. तासन्‌तास खपून उभारलेली भिंत क्षणात उडते. त्यामुळे भिंत कोठे असावी, दिवा कोठे ठेवावा, दारासमोर मोकळी जागा किती सोडावी, याचा विचार करणे भाग पडले. जे बांधले ते राखावे लागते, हा ‘सर्व्हायव्हल’ प्रकाराचा गाभा एका चुकलेल्या डुकराने पक्का केला.

६/ बाकीची रचना साधी आणि कठोर होती. खेळातला पूर्ण दिवस वीस मिनिटांचा. अंधार पडला की शत्रू उपजतात, म्हणून पहिल्या संध्याकाळपूर्वी आसरा हवाच. हत्यारांना चढती भाजणी आहे : लाकडी कुदळीने दगड, दगडीने लोखंड, लोखंडीने हिरा आणि हिऱ्याच्या कुदळीने ऑब्सिडियन. प्रत्येक पायरी पुढच्या पायरीची किल्ली. कोठेही ‘आता हे करा’ असा आदेश नाही, तरी खेळाडूला पुढची वाट आपसूक दिसते.

७/ एक गोष्ट मात्र दिसत नसे. वस्तू कशी बनवायची, हे खेळ सांगतच नव्हता. कृतींचे पुस्तक खेळात आले ते जून २०१७ मध्ये, म्हणजे आठ वर्षांनी. तोवर खेळाडूंनी एकमेकांना शिकवले, कोष रचले, चित्रे काढली, प्रयोग नोंदवले. ही उणीव म्हणावी की योजना, यावर वाद होऊ शकतो. परिणाम मात्र निर्विवाद आहे. खेळाभोवती लिहिणारा, तपासणारा आणि दुरुस्त करणारा एक समाज उभा राहिला.

८/ दुसरी प्रसिद्ध चूक जगाच्या टोकाला होती. माइनक्राफ्टचे जग आधीपासून रचून ठेवलेले नसते. ‘सीड’ नावाच्या एका आकड्यावरून, खेळाडू चालेल तसतसे, १६ × १६ ठोकळ्यांच्या तुकड्यांत ते गणिताने उमलत जाते. डोंगर आणि दऱ्या ‘नॉइज’ या गणिती क्रियेतून येतात. मात्र गणित करणाऱ्या संगणकाच्या पूर्णांकाला सीमा असते : ३२ बिटांत २,१४७,४८३,६४७ च्या पलीकडचा आकडा मावत नाही.

९/ जगाच्या मध्यापासून सुमारे १,२५,५०,८२१ ठोकळे दूर गेल्यावर ते गणित फुटत असे. एक ठोकळा म्हणजे एक मीटर. तेव्हा हे अंतर साडेबारा हजार किलोमीटर झाले. तेथे जमीन एकाएकी आभाळापर्यंत चढलेल्या, पोकळ बोगद्यांनी पोखरलेल्या अजस्र भिंतीत बदले. त्या प्रदेशाला ‘फार लँड्स’ हे नाव पडले. पेर्सनला दोष ठाऊक होता. इतक्या दूर कोण जाणार, आणि त्यात एक गूढ आहे, म्हणून त्याने तो तसाच राहू दिला.

१०/ सप्टेंबर २०११ च्या ‘बीटा १.८’ मध्ये भूरचनेचा कोड नव्याने लिहिला गेला आणि फार लँड्स नाहीसे झाले. त्याआधीच, मार्च २०११ मध्ये, एका अमेरिकन खेळाडूने तिकडे पायी जाण्याचा संकल्प सोडला होता. चालता चालता तो रुग्णालयांतील मुलांसाठी निधी गोळा करू लागला. पुढच्या आवृत्त्यांत गंतव्यच उरले नाही, म्हणून तो जुन्या ‘बीटा १.७.३’ मध्येच चालत राहिला. दुरुस्त झालेला दोष त्याच्यासाठी तीर्थक्षेत्र होता.

११/ आता मॉडकडे वळू. गूढ केलेल्या कोडात प्रत्येक नावाच्या जागी a, b, aa अशी अर्थहीन अक्षरे असत. इथे डोंगर आणि डुक्कर यांत भेदच उरत नसे. ‘मॉड कोडर पॅक’ हा प्रकल्प चालवणाऱ्या स्वयंसेवकांनी हा कोड उलगडला, कोणते अक्षर काय करते ते ओळखले आणि नावांच्या याद्या तयार केल्या. मोडी कागद लावणाऱ्यांना ही चिकाटी परिचित वाटेल. फरक एवढाच की येथे प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर लिपीच बदलत असे.

१२/ आरंभी मॉड बसवण्याची रीत अगदी ओबडधोबड होती. खेळाची मुख्य फाइल उघडायची, तिच्यातील तुकडे काढून मॉडचे तुकडे घालायचे आणि स्वाक्षऱ्या साठवणारे एक फोल्डर आठवणीने पुसायचे. ते पुसले नाही तर जावा ‘ही फाइल मूळची नाही’ असे ओळखे आणि पडदा काळाच राही. त्या काळच्या ‘काळा पडदा येतो’ या तक्रारींमागे बहुधा हेच एक फोल्डर असे.

१३/ दोन मॉडनी एकच तुकडा बदललेला असेल, तर नंतरचा पहिल्यावर पाणी फिरवी. यावर तोडगा म्हणून २०११ मध्ये ‘फोर्ज’ आला. त्याने खेळाच्या कोडात ठरावीक ठिकाणी जणू खुंट्या ठोकून दिल्या. प्रत्येक मॉडने आपले सामान त्या खुंटीला टांगावे, भिंत फोडू नये. शेकडो मॉड एकत्र नांदू लागले ते या शिस्तीमुळे.

१४/ तरी एक भांडण उरलेच. त्या वेळी प्रत्येक प्रकारच्या ठोकळ्याला एक क्रमांक असे, आणि मूळ रचनेत क्रमांक होते फक्त २५६. दोन मॉडनी एकच क्रमांक घेतला की खेळ सुरूच होत नसे. क्रमांक हाताने बदलता येत. पण ज्या जगात आधीच बांधकाम झाले आहे तेथे ते बदलले, तर कालची तिजोरी आज भलताच ठोकळा होऊन बसे. ऑक्टोबर २०१३ च्या १.७ आवृत्तीपासून क्रमांकांऐवजी नावांनी ओळख ठरू लागली आणि ही डोकेदुखी सरत गेली.

१५/ या साऱ्यातून दोष शोधण्याची एक पद्धत रूढ झाली. खेळ कोसळला की तो एक अहवाल लिहून ठेवतो : वेळ, आवृत्ती, जावाची आवृत्ती, स्मृती, खेळात फेरफार आहे की नाही, आणि कोड कोणत्या पायरीवर अडला. तो वाचूनही उलगडा झाला नाही, तर निम्मे मॉड काढून पाहायचे. दोष टिकला तर तो उरलेल्यांत आहे, गेला तर काढलेल्यांत. ६४ मॉडमधून एकटा दोषी सहा फेऱ्यांत सापडतो. मात्र त्याआधी जगाची प्रत काढून ठेवावी. हा नियम अनेकांनी घर गमावून शिकला आहे.

१६/ मॉडकर्त्यांचे काम मूळ खेळातही शिरले. आधी जगाचा प्रत्येक तुकडा वेगळ्या फाइलीत साठत असल्याने हजारो फाइली होत आणि खेळ रखडे. एका खेळाडूच्या ‘मॅकरीजन’ मॉडने १,०२४ तुकडे एका फाइलीत बांधले. फेब्रुवारी २०११ मध्ये तीच पद्धत अधिकृत झाली. जून २०११ मध्ये आलेले पिस्टन आणि जुलै २०१३ मधले घोडे हेही मॉडचेच ऋण. आज मूळ संहिता आणि क्षेपक वेगळे काढणे अभ्यासकालाही सोपे नाही.

१७/ मग मालक कोण? हा प्रश्न २०१४ मध्ये ऐरणीवर आला. हजारो सर्व्हर ‘बकिट’ या मुक्त प्रकल्पावर चालत. ऑगस्टमध्ये प्रकल्पप्रमुखाने काम थांबवत असल्याचे जाहीर केले. तेव्हा मोजँगने उघड केले की हा प्रकल्प आपण पूर्वीच घेतलेला आहे. सप्टेंबरमध्ये एका प्रमुख योगदानकर्त्याने हरकत घेतली : माझा कोड मुक्त परवान्याखाली आहे, तो मोजँगच्या बंदिस्त कोडात मिसळून वाटता येणार नाही. कायदेशीर नोटीस गेली आणि डाउनलोड बंद झाले.

१८/ त्याच महिन्याच्या १५ तारखेला मायक्रोसॉफ्टने मोजँग २.५ अब्ज डॉलरला घेत असल्याची घोषणा केली. एकाच महिन्यातल्या या दोन घटना शेजारी ठेवून वाचाव्यात. एकीकडे खेळाची किंमत ठरत होती. दुसरीकडे ज्यांनी बिनमोल श्रम घातले त्यांचा हक्क नेमका किती, हे कोणालाच ठरवता येत नव्हते. पुढे, २०१९ मध्ये, मोजँगने कोडातील खऱ्या नावांच्या याद्या स्वतःहून प्रसिद्ध केल्या. स्वयंसेवकांच्या उलगड्याला मिळालेली ती उशिराची मान्यता होय.

१९/ दोष नेहमीच गमतीचे नसतात. डिसेंबर २०२१ मध्ये ‘लॉगफोरजे’ या, जगभरच्या प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या, नोंदवही लिहिणाऱ्या कोडातील भगदाड उघड झाले. माइनक्राफ्टच्या गप्पांच्या चौकटीत एक विशिष्ट ओळ लिहिली की दूरच्या सर्व्हरवर परका कोड चालवता येई. १० डिसेंबरला १.१८.१ आवृत्ती दुरुस्ती घेऊन आली. जून २०२३ मध्ये तर काही मॉडच्या फाइलींतच घातक कोड मिसळल्याचे आढळले. विश्वासावर चाललेल्या देवघेवीची ही दुसरी बाजू.

२०/ शेवटी इतिहासाच्या विद्यार्थ्याला भिडणारा प्रश्न : साधने टिकली का? त्या काळी नवी आवृत्ती उतरली की ती जुन्या फाइलीवरच लिहिली जाई. १८ सप्टेंबर २०१० ची ‘आल्फा १.१.१’ अवघे काही तास उपलब्ध होती. मग पुढची आली आणि ही लुप्त झाली. संग्राहकांनी वर्षानुवर्षे शोध घेतला. २०२१ मध्ये एका जुन्या खेळाडूकडे तिची प्रत मिळाली. कोट्यवधी लोकांच्या खेळाचे एक पान एका माणसाच्या संगणकात उरले होते.

२१/ ताम्रपट शेतात नांगराला लागून सापडतो. आपल्या काळातली साधने जुन्या हार्ड डिस्कवर असतात, आणि त्या डिस्कचे आयुष्य तांब्याइतके नाही. आपल्या घरात एखादा जुना संगणक असेल, तर भंगारात देण्यापूर्वी तो एकदा उघडून पाहावा. जुने जग, मॉड किंवा कोसळल्याचा अहवाल हाती लागला, तर आवृत्ती आणि तारीख लिहून त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवाव्यात. काय सापडले ते या धाग्याखाली अवश्य कळवा.