वालचंदांकडे फाटक होते

परवा पुतण्या घरी आला होता. कवठे महांकाळ आणि आसपास रस्ते, बंधारे, शाळाखोल्यांची कामं घेतो. त्याचा मुलगा सिव्हिल इंजिनिअर झालाय आणि आता त्याला बांधकाम व्यवस्थापनात पुढचं शिकायचंय, पुण्यात, दोन वर्षं. पुतण्या म्हणाला, "नाना, वालचंद हिराचंद कुठं एवढे शिकले होते? बी.ए. सुद्धा पुरं केलं नाही त्यांनी."

मी निवृत्त मास्तर, स्वतः बी.ए.वरच थांबलेला. लगेच उत्तर सुचलं नाही, हे कबूल करतो.

पण मंडळी, त्याचा दाखला अर्धाच होता. वालचंद १८८२ साली सोलापुरात जन्मले. घरी कापसाचा व्यापार आणि सावकारी. त्यात मन रमेना. मग गाठ पडली लक्ष्मणराव फाटकांशी. फाटक रेल्वेतले कारकून, ठेकेदार व्हायची इच्छा असलेले. रेल्वेचं काम कसं चालतं हे त्यांना ठाऊक, पण हाती पैसा नाही. भांडवल वालचंदांनी आणलं. दोघांनी मिळून पहिलं काम घेतलं ते बार्शी लाइट रेल्वेच्या येडशी-तडवळे या सात मैलांच्या मार्गाचं. हीच बार्शी लाइट पुढे १९२७ साली मिरजेपर्यंत आली आणि आपल्या कवठ्यावरून गाडी धावू लागली! आमच्या पिढीने त्या छोट्या गाडीतून भरपूर धक्के खाल्लेत. चढावर खाली उतरून, पाय मोकळे करून पुन्हा गाडीत बसता येतं, अशी थट्टा चालायची. आता तिथे ब्रॉडगेज आहे. असो.

सांगायचं ते हे की, वालचंदांना स्वतःला जे येत नव्हतं ते येणारा माणूस त्यांनी शेजारी बसवला. १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी निघाली. वालचंद १९५३ साली गेले, पण पुढे कोयनेचं धरण याच कंपनीने बांधलं. असलं काम एका माणसाच्या हुशारीवर चालत नाही. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज १९४७ साली सुरू झालं आणि १९५५ साली त्याला वालचंदांचं नाव मिळालं. बी.ए. अर्धवट सोडलेल्या माणसाच्या नावाच्या कॉलेजात आज मुलं एम.टेक. करतात.

आणखी एक. १९८३ साली बांधकाम कंपन्यांनीच पुढाकार घेऊन निकमार ही संस्था काढली, बांधकामाचं व्यवस्थापन शिकवण्यासाठी. साइटवर उन्हात उभं राहून सगळं शिकता आलं असतं, तर या व्यवहारी लोकांनी तो खटाटोप कशाला केला असता?

मी पुतण्याला त्याच्याच एका कामाची आठवण दिली. टेंडर कमी दराने भरलं, करारात भाववाढीचं कलम नव्हतं, मध्येच लोखंड महागलं. काम उत्तम केलं, मोजमाप पुस्तकात एक इंच खोट नाही, तरी वहिनीचे दागिने बँकेत गेले. स्लॅब कसा टाकायचा हे त्याला माझ्यापेक्षा काय, कुठल्याही प्राध्यापकापेक्षा जास्त कळतं. पण करार वाचणं, कामाचं वेळापत्रक आखणं, बिल अडकलं तर मजुरांचा आठवडा कुठून भागवायचा याचा आधीच हिशेब करणं, हे वेगळं शास्त्र आहे. ते तिथे शिकवतात.

"तुझा फाटक कुठाय?" मी विचारलं.

तो गप्प. मग म्हणाला, "नाना, पोरगा दोन वर्षं नसला तर कागदपत्रं कोण बघणार?"

मी आयुष्यभर गणिताच्या वह्या तपासल्या आहेत. म्हटलं, आण इकडे.

गुरुवारी सकाळी नातू स्कूटरवर चार फायली घेऊन आला. त्यांच्यावरची सिमेंटची धूळ झटकायलाच अर्धा तास गेला. पहिल्याच रनिंग बिलात बेरीज चुकलेली सापडली. आपल्याच तोट्याची!