दुरून दिलेला धीर

आर्तांचें दुःख टेलिफोनवरून ऐकून घेण्याचा उपक्रम लंडनचे धर्मोपदेशक चॅड व्हारा यांनीं १९५३ सालीं आरंभिला. आपल्या देशांत त्या मार्गाची कसोटी २०२० च्या महामारींत लागली. मार्चमध्यें टाळेबंदी होतांच बंगळूरच्या निम्हान्स संस्थेनें देशभरांतील लोकांसाठीं अशी सोय केली. सप्टेंबरांत मराठीसह १३ भाषांची सरकारी ‘किरण’ सेवा आली. समुपदेशकाला बोलणाऱ्याचा चेहरा दिसत नसे. पाठीवर हात ठेवणेंहि अशक्य. भरल्या घरांत एकांत नसल्यानें कित्येकांना मोकळेपणीं बोलतांहि येत नसे. अशा वेळीं शब्दांइतकेंच मौनहि ऐकावें लागे. महामारीनें वाढविलेल्या मानसिक व्यथा ध्यानीं घेऊन १० ऑक्टोबर २०२२ रोजीं सरकारनें ‘टेली-मानस’ सुरू केलें. साथ ओसरल्यावरहि ऐकणाऱ्याची गरज संपली नव्हती, हेंच त्यावरून दिसतें.