तारली

तारली : हिंदी महासागराच्या उत्तर व पश्चिम भागांत किनाऱ्यालगत थव्यांनी राहणारा एक सागरी खाद्य मत्स्य. याचे शास्त्रीय नाव सार्डिनेला लाँजिसेप्स असे असून हेरिंग, पाला इ. माशांच्या क्लुपिफॉर्मीस गणात त्याचा समावेश होतो. फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ आशिल व्हालांस्येन यांनी १८४७ मध्ये पाँडिचेरीहून मिळालेल्या नमुन्यांवरून या जातीचे प्रथम शास्त्रीय वर्णन केले. जातिवाचक नावाचा अर्थ ‘लांब डोक्याचा’ असा आहे. मराठीत त्याला तारली किंवा तारळी म्हणतात. मालवण–गोव्याकडे याच्या जवळच्या जातींना पेडवे हे नाव आहे. तुळू भाषेत त्याला भुताई, तर मलयाळम् भाषेत मत्ती किंवा चाळ म्हणतात. शरीरातील चरबीच्या मोठ्या प्रमाणामुळे ‘तेल-तारली’ असाही त्याचा उल्लेख करतात.

भारताच्या सागरी मत्स्योत्पादनात तारलीचे स्थान फार महत्त्वाचे आहे. तथापि हे उत्पादन कमालीचे अस्थिर असते. एखाद्या वर्षी किनाऱ्यावर तारलीचे ढीग पडतात व भाव इतके उतरतात की, मासळी खत म्हणून वापरावी लागते. तर पुढे काही वर्षे ती क्वचितच दृष्टीस पडते. हा चढउतार निसर्गामुळे होतो की माणसाच्या मासेमारीमुळे, हा प्रश्न शंभराहून अधिक वर्षे शास्त्रज्ञांपुढे आहे. भारतातील सागरी मत्स्यविज्ञानाचा बराचसा विकास या एका प्रश्नाच्या अनुषंगाने झाला, असे म्हणता येईल.

वर्णन : शरीर लांबट, किंचित दंडगोल व दोन्ही बाजूंनी थोडेसे चपटे असते. प्रौढ माशाची लांबी सामान्यतः १५ ते २० सेंमी. असते, २२–२३ सेंमी. लांबीचे मासे क्वचित मिळतात. पाठीचा रंग निळसर हिरवा, बाजू रुपेरी व पोट पांढरे असते. कल्ल्याच्या झाकणामागे एक फिकट सोनेरी ठिपका असून तेथून शेपटीकडे जाणारा अस्पष्ट सोनेरी पट्टा दिसतो. झाकणाच्या मागील कडेवर एक ठळक काळा ठिपका असतो व त्यावरून हा मासा ओळखता येतो. डोके इतर भारतीय तारल्यांच्या मानाने लांब असते. कल्ल्यांच्या कमानींवर अतिशय बारीक व दाट काड्यांची रांग असते. त्यांचा उपयोग गाळणीसारखा होतो व पाण्यातील सूक्ष्म जीव तोंडात अडकून राहतात.

एडनच्या आखातापासून ओमान व पाकिस्तानच्या किनाऱ्यावरून भारतापर्यंत या जातीचा प्रसार आहे. भारतात रत्नागिरीपासून कोल्लमपर्यंतचा किनारा हे तिचे परंपरागत क्षेत्र होय. त्यातही मलबार व दक्षिण कर्नाटक येथे ती सर्वाधिक सापडते. सु. १९८५ नंतर तमिळनाडू व आंध्र प्रदेश यांच्या किनाऱ्यांवरही ती मोठ्या प्रमाणात मिळू लागली. या विस्ताराचा संबंध काही शास्त्रज्ञ समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान वाढण्याशी जोडतात.

आहार व जीवनक्रम : तारलीचे आयुष्य पूर्णपणे मोसमी वाऱ्यांशी बांधलेले आहे. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात मलबारच्या किनाऱ्यालगत खोल पाण्यातील थंड व पोषक लवणांनी समृद्ध असे पाणी वर येते. त्यामुळे सूक्ष्म वनस्पतिप्लवकांची, विशेषतः करंडक वनस्पतींची, झपाट्याने वाढ होते. करंडक, तत्सम अन्य प्लवक व सूक्ष्म कवचधारी प्राणी हे तारलीचे अन्न होय. वनस्पतिप्लवक थेट खाणारा मासा असल्याने अन्नशृंखलेत तिचे स्थान तळाशी आहे. सुरमई, कुपा यांसारखे मोठे मासे, डॉल्फिन व समुद्रपक्षी तिच्यावर उपजीविका करतात. यामुळे तारली दुर्मिळ झाली, तर तिची झळ केवळ कोळ्यांच्या टोपलीला लागते असे नाही.

विणीचा हंगाम साधारणतः जून ते सप्टेंबर असून त्याचा जोर जून–जुलैमध्ये असतो. एक मादी हजारो अंडी घालते. अंडी पाण्यात तरंगतात व सु. एका दिवसात फुटतात. डिंभांना प्लवकांचा भरपूर पुरवठा मिळाला, तर वाढ वेगाने होते व ऑगस्ट–सप्टेंबरपासून लहान माशांचे थवे किनाऱ्याजवळ येऊ लागतात. एका वर्षात मासा सु. १४–१५ सेंमी. लांब होऊन प्रजननक्षम बनतो. आयुर्मान सु. अडीच वर्षे असते. ऑक्टोबर ते जानेवारी या काळात शरीरातील चरबी सर्वाधिक असते, तर वीण झाल्यावर ती पुष्कळच घटते.

या जीवनक्रमातच चढउताराचे मूळ आहे. अल्पायुषी माशाच्या साठ्यात वेगवेगळ्या वयांच्या पिढ्या फारशा साठून राहत नाहीत. एक–दोन पिढ्यांवरच सारी मासेमारी अवलंबून असते. एखाद्या पावसाळ्यात वीण फसली वा डिंभांना अन्न मिळाले नाही, तर त्याचा परिणाम त्याच वा पुढील हंगामात दिसतो. उलट एकच पावसाळा अनुकूल गेला, तरी साठा पुन्हा वेगाने भरून येऊ शकतो.

तेल व खत : विसाव्या शतकाच्या प्रारंभापर्यंत मलबारात तारलीचे तेल काढण्याची पद्धत ओबडधोबड होती. जुन्या होड्यांत मासे उन्हात कुजवून वर येणारे तेल काढून घेत. हे तेल काळपट व दुर्गंधीयुक्त असे. त्याचा उपयोग होड्यांच्या लाकडाला लावण्यासाठी, दिव्यांसाठी व कातडी कमावण्यासाठी करीत. उरलेला चोथा, तसेच वाळूत वाळविलेली तारली नारळ, भात व मळ्यांतील पिकांना खत म्हणून घालीत.

मद्रास शासनाने १९०५ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी सर फ्रेडरिक निकल्सन यांच्याकडे प्रांतातील मत्स्यव्यवसायाच्या पाहणीचे काम सोपविले. ताजे मासे उकळून व दाबून स्वच्छ तेल आणि कोरडे खत तयार करण्याची पद्धत त्यांनी प्रचारात आणली. मलबार व दक्षिण कानडा जिल्ह्यांत अशा प्रकारचे अनेक लहान कारखाने निघाले. त्यांचे खत श्रीलंकेसारख्या देशांतही जाऊ लागले. अशा रीतीने किनाऱ्यावरील गरिबांच्या रोजच्या खाण्यातील मासा एका निर्यातप्रधान उद्योगाचा कच्चा माल बनला. माशाचा उपयोग अन्न म्हणून व्हावा की कारखान्यासाठी, हा वाद तेव्हापासून आजतागायत चालू आहे.

संशोधन व निर्बंध : मद्रासच्या मत्स्य विभागातील जेम्स हॉर्नेल यांनी नायुडू यांच्या सहकार्याने तारलीच्या जीवनक्रमाचा अभ्यास करून १९२४ च्या सुमारास तो प्रसिद्ध केला. तारलीचे आगमन व समुद्रातील प्लवकांची विपुलता यांचा परस्परसंबंध या अभ्यासाने पुढे आणला. पुढे १९५५ मध्ये नायर व सुब्रह्मण्यन् यांनी फ्रॅजिलॅरिया ओशियानिका ही करंडक जाती तारलीच्या विपुलतेची निदर्शक असल्याचे दाखविले.

१९४० नंतरच्या काही वर्षांत मलबारातील तारली अतिशय रोडावली. मत्स्यशास्त्रज्ञ देवनेसन यांनी १९४३ च्या अहवालात लहान माशांच्या व अंडी घालण्यास सिद्ध झालेल्या माशांच्या बेसुमार पकडीकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी मद्रास शासनाने बारीक आसाच्या काही जाळ्यांवर आणि लहान तारली पकडण्यावर निर्बंध घातले. मात्र निर्बंधांनी मासा परत येतो असे स्पष्टपणे दिसून न आल्याने काही वर्षांतच ते मागे घेण्यात आले. भारतात तारलीच्या रक्षणासाठी झालेला हा पहिला महत्त्वाचा प्रयत्न होय.

३ फेब्रुवारी १९४७ रोजी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था स्थापन झाली. प्रारंभी मंडपम् व १९७१ पासून कोचीन येथे मुख्यालय असलेल्या या संस्थेने किनाऱ्यावर उतरणाऱ्या मासळीची नमुना-पद्धतीने नियमित नोंद ठेवण्यास सुरुवात केली. तीवरून चढउताराचे खरे स्वरूप प्रथमच आकड्यांत दिसले. १९५६ मध्ये देशातील तारलीचे उत्पादन अवघे ७,४१२ टन होते, तर १९६८ मध्ये ते ३ लाख टनांवर गेले. या काळातील मासेमारी मुख्यतः वल्ह्यांच्या व शिडांच्या होड्यांनी होत असे. त्यामुळे एवढी तफावत केवळ मानवी कृतीने घडली, असे म्हणता येत नव्हते. संस्थेतील अँटनी राजा यांनी विणीच्या काळातील पर्जन्यमानाचा पुढील पिढीच्या संख्येशी असलेला संबंध तपासला. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असल्याने विणीच्या जागांची माहिती मात्र दीर्घकाळ अपुरी राहिली.

जाळ्यांतील स्थित्यंतर : कर्नाटक, गोवा व दक्षिण कोकण येथे रापण हे तारलीचे परंपरागत जाळे. होडीने समुद्रात अर्धवर्तुळाकार टाकलेले हे लांबलचक जाळे गावातील अनेक माणसे मिळून किनाऱ्यावर ओढतात व मिळालेली मासळी ठरलेल्या वाट्यांनी वाटून घेतात. रापणीला थवा किनाऱ्याशी येण्याची वाट पाहावी लागते. साहजिकच तिच्या पकडीला निसर्गाचीच मर्यादा पडते.

१९७५ नंतर कर्नाटक व गोव्यात यांत्रिक नौकांवरून टाकल्या जाणाऱ्या पर्ससीन जाळ्यांचा प्रसार झाला. या जाळ्याने थवा समुद्रातच वेढून खालची दोरी आवळली जाते व संपूर्ण थवा एका वेळी हाती लागतो. रापणीच्या वाट्याला येणारी मासळी त्यामुळे घटली. गोव्यातील रापणकारांनी १९७० नंतरच्या दशकात याविरुद्ध मोठे आंदोलन केले. केरळ व गोवा यांनी १९८० मध्ये, तर महाराष्ट्राने १९८१ मध्ये सागरी मासेमारी नियमनाचे कायदे केले. केरळात याच दशकात बाह्ययंत्रे बसविलेल्या होड्या व गोलाकार वेढा घालणारी मोठी जाळी रूढ झाली. पुढे त्यांची लांबी व नौकांची शक्ती वाढतच गेली.

घट व पुनरागमन : १९९४ मध्ये देशातील उत्पादन सु. ४७ हजार टनांपर्यंत खाली आले होते. त्यानंतर ते वाढत जाऊन २०१२ मध्ये ७.२ लाख टन हा उच्चांक झाला. त्यात एकट्या केरळचा वाटा ३.९ लाख टनांचा होता. यानंतरची घसरण अभूतपूर्व ठरली. केरळातील उत्पादन २०१५ मध्ये सु. ६८ हजार टन, २०२० मध्ये सु. १३ हजार टन व २०२१ मध्ये केवळ सु. ३,३०० टन झाले. या घसरणीमागे २०१५–१६ च्या प्रबळ एल् निनोसारखे सागरी बदल व त्याआधीच्या वर्षांत झालेली लहान माशांची अतिरिक्त पकड, अशी दोन्ही कारणे संशोधकांनी दिली आहेत. कर्नाटक व गोव्यातील मत्स्यचूर्णाच्या कारखान्यांना लहान तारलीची मोठी मागणी असल्याने अपरिपक्व मासेही विकले जात होते.

केरळ शासनाने २०१५ पासून निवडक जातींसाठी किमान लांबी ठरविण्यास सुरुवात केली. तारलीसाठी ती १० सेंमी. आहे. महाराष्ट्रानेही २०२३ मध्ये ५४ जातींसाठी अशी मर्यादा जाहीर केली. पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात यांत्रिक मासेमारीस बंदी असते. नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्रात न जाण्याचा कोकणातील कोळ्यांचा संकेत खवळलेल्या समुद्रामुळे पडला असला, तरी तारलीच्या विणीचा काळ त्यामुळे आपोआपच पाळला जात होता.

२०२२ मध्ये केरळातील उत्पादन पुन्हा सु. १ लाख टनांवर गेले व २०२४ मध्ये ते सु. दीड लाख टन झाले. अनुकूल मोसमी पावसामुळे वीण व डिंभांची वाढ चांगली झाली, हे त्याचे मुख्य कारण मानले जाते. मात्र पकडीत लहान माशांचे प्रमाण मोठे होते.

महत्त्व : तारलीत प्रथिने, ड जीवनसत्त्व, कॅल्शियम व ओमेगा-३ वर्गातील मेदाम्ले भरपूर असतात. हा मासा स्वस्त असल्याने किनाऱ्यावरील सामान्य कुटुंबांच्या आहारात त्याला मोठे स्थान आहे. केरळात तो कोकमासारख्या आंबट फळाच्या सालीबरोबर रांधून उकडलेल्या कसाव्यासह खातात. कोकण व गोव्यात तिरफळे घातलेले त्याचे तिखले व तळलेली तुकडी लोकप्रिय आहेत. तारली दुर्मिळ झाल्यावर तिची उणीव प्रथम जाणवते ती महाग मासळी घेऊ न शकणाऱ्या घरांत आणि टोपली घेऊन दारोदार विक्री करणाऱ्या स्त्रियांना.

तारलीच्या इतिहासावरून असे दिसते की, तिचे येणे-जाणे पाऊस, प्रवाह व प्लवक ठरवितात आणि त्यावर माणसाचा ताबा नाही. परंतु वाईट वर्षांत समुद्रात किती विणारे मासे शिल्लक राहतात, हे पकडीवर अवलंबून असते. अनुकूल पावसाळा आल्यावर साठा किती लवकर सावरेल, हे या शिल्लकीवरच ठरते. १९४३ च्या निर्बंधांचा प्रयोग अल्पायुषी ठरला, तरी लहान व विणारे मासे सोडून द्यावेत हे त्यामागील तत्त्व किमान लांबीच्या आजच्या नियमांत पुन्हा स्वीकारले गेले आहे.