थोरली विहीर

आमच्या घरात पणज्याची गोष्ट पोथीसारखी सांगितली जायची. रात्री जेवणं झाली की आजोबा ओट्यावर बसत आणि सुरू करत, "सासवडहून म्हातारा निघाला तेव्हा त्याच्याजवळ एक बैलजोडी, एक मोट आणि गाडीभर उसाचं बेणं, एवढंच होतं. हितं सगळा उजाड माळ. म्हाताऱ्यानं माळ फोडला, ही थोरली विहीर पाडली, कालव्याचं पाणी घेतलं आन् ऊस उभा केला." आम्ही पोरं गोष्ट ऐकत ऐकतच झोपायचो.

गेल्या वर्षी माझा पुतण्या पुण्याहून आला. म्हणाला, "तात्या, थोरल्या विहिरीवर संगमरवरी पाटी बसवू. मूळपुरुषाचं नाव आणि विहीर बांधल्याचं साल टाकू. साल तेवढं तुम्ही शोधा." मी दहावी शिकलेला माणूस. पण वेळ होता, आणि कुतूहलही होतं. लागलो मागं.

आधी तलाठ्याकडं गेलो, मग तहसीलच्या अभिलेख कक्षात. जुने फेरफार काढले. त्यात आजोबांचं वारसानं नाव लागल्याची नोंद मिळाली, पण पणज्यानं जमीन कधी घेतली ते मिळेना. तिथल्या एका जुन्या कारकुनानं समजावलं, की मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदाच 1903 साली झाला, त्याच्या आधीचं फेरफारात कुठून येणार? त्यासाठी घरातली कागदं बघा, म्हणाला.

मग नाशिकला गेलो. पंचवटीत उपाध्यांना मूळ गाव आणि आडनाव सांगितलं. त्यांनी लांबट वही काढली आणि अर्ध्या तासात आमचं घराणं समोर ठेवलं. पणज्याच्या अस्थी घेऊन आजोबा गेले होते, त्या दिवशीची नोंद होती. खाली आजोबांची मोडीतली सही. नोंदीत लिहिलं होतं, 'मूळ राहणार सासवड, हल्ली मुक्काम' आणि पुढं आमच्या गावाचं नाव. मी त्या 'हल्ली मुक्काम'कडं बघतच राहिलो. तीसेक वर्षं या मातीत राबून म्हातारा इथंच गेला, तरी लेकाच्या लेखी तो इथं मुक्कामालाच होता.

सासवडला भावकीतल्या एका म्हाताऱ्या चुलत्यांनी निघण्याचं कारण सांगितलं. कऱ्हेकाठी बागाईत होतं, पण विहिरीवरचं, आणि तेही पाच भावांत. तेवढ्यात नीरेचा डावा कालवा झाला. भाटघरला धरणाचं काम चाललं होतं. तिथलं पाणी नीरेतून वीरच्या बंधाऱ्यावर यायचं आणि तिथून कालव्यानं बारामतीकडं. 1885 च्या सुमारास कालव्याला पाणी सुटलं. पण इकडचा शेतकरी ज्वारी-बाजरीचा. पाणीपट्टी भरून पाणी घ्यायला तो कचरत होता. उसाला भांडवल लागतं, खत लागतं, गुऱ्हाळ लागतं. हे सगळं सासवडच्या माळ्यांना ठाऊक होतं. म्हणून ते कालव्याच्या काठानं आले. कुणी खंडानं जमिनी केल्या, कुणी विकत घेतल्या. आमचा पणजा त्यातलाच एक.

इथवर आजोबांची गोष्ट खरी निघाली. पुढं पत्र्याच्या पेटीत, आजीच्या लुगड्याच्या घडीखाली, खरेदीखत सापडलं. सगळं मोडीत. ते घेऊन तालुक्याला मोडी वाचणाऱ्या निवृत्त गुरुजींकडं गेलो. ते बोट ठेवून वाचत होते, मी ऐकत होतो. जमीन विकणारा सावकार. त्याला ती मिळाली मुदत खरेदीनं. म्हणजे मुदतीत पैसे परत केले तर जमीन परत, नाही तर गेली. मूळ मालकाचं नाव वाचलं आणि मी चमकलो. आडनाव आमच्या बांधाला बांध असलेल्या घराचं. गुरुजी पुढं वाचत होते, 'आत आंब्याची झाडे तीन, विहीर बांधीव एक.'

"गुरुजी, परत वाचा," मी म्हणालो. त्यांनी परत वाचलं. विहीर बांधीव एक.

म्हणजे माळ उजाड नव्हता. आंबे होते. विहीरही होती, आणि ती आमच्या म्हाताऱ्यानं पाडलेली नव्हती.

दोन रात्री झोप लागली नाही. तिसऱ्या दिवशी शेजारच्या काकींकडं गेलो. काकी नव्वदीच्या पुढच्या, पण डोकं साफ. मी कागदाचं सांगितलं तर त्यांना नवल वाटलं नाही.

"मला म्हाईत हाय की," काकी म्हणाल्या. "माझी आजेसासू सांगायची. लई मोठा दुष्काळ पडला. बैलं मेली. दोन साल पेराच न्हाई. दाण्यापायी सावकाराकडं जमीन लिवून दिली. मुदत भरली, पैका कुठला आणायचा? मग तुझ्या पणज्यानं ती घेतली. आजेसासू त्याच्याच उसात खुरपायला जायची. आपल्याच रानात, रोजानं."

मी मान खाली घातली. काकी म्हणाल्या, "तुझ्या म्हाताऱ्यानं लुबाडलं न्हाई रं लेका. त्यानं पैका मोजला. पण हीर आमची."

काकी म्हणत होत्या तो 1876 ते 78 चा दुष्काळ. त्याच्या आदल्याच वर्षी, 12 मे 1875 ला, इथून जवळच सुप्याला बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या ओढून काढून जाळल्या होत्या. 1879 साली कर्जदार शेतकऱ्याला आधार देणारा कायदाही झाला. पण कुणाची वही जळाली, कुणाची राहिली. आमच्या शेजाऱ्यांची राहिली.

तेव्हा मला लहानपणचं एक कोडं सुटलं. काकींच्या घरात बाळंतीण सव्वा महिन्याची झाली की ती विहीर पुजायला आमच्या मळ्यात यायची. त्यांच्या दारात स्वतःची विहीर असताना! मला वाटायचं, थोरल्या विहिरीला पाणी जास्त म्हणून येत असतील. काकी म्हणाल्या, "तुझ्या पणज्यानं आमच्या बायकांना कधी अडवलं न्हाई. तुझ्या आजानंबी न्हाई."

म्हणजे दोघांना ठाऊक होतं. मग गोष्टीत विहीर कुणी आपली केली? पणज्यानं की आजोबांनी, ते आता कळायचं नाही. पण आमच्या ओट्यावर ती आपली झाली एवढं खरं.

म्हाताऱ्याचं कर्तृत्व यानं कमी होत नाही. या शिवारात पहिला ऊस त्यानंच लावला, पहिली गुळाची ढेप त्याच्याच काहिलीतली. पुढं पाण्याच्या अतिरेकानं कालव्याकाठच्या जमिनी खारावल्या, तेव्हा बरेच माळी पुढं सरकले. आमच्यातलीही एक शाखा माळीनगरला गेली. 1932 साली सासवड माळी समाजानं तिथं साखर कारखाना काढायचं धरलं, तेव्हा. पणजा मात्र हलला नाही.

पुतण्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तात्या, असं पाटीवर लिहिलं आणि उद्या ते हक्क सांगायला आले तर?"

मी म्हणालो, "सातबारा आपल्या नावावर आहे. पाटीनं तो बदलत नाही. आणि आले, तर दीडशे वर्षं पूजेला येतायत, तसेच येतील."

थोडी धुसफूस झाली, पण पाटी बसली. वरच्या ओळीत विहीर पाडणाऱ्याचं नाव, खालच्या ओळीत इथं पहिला ऊस लावणाऱ्याचं. दोन्ही घरची माणसं आली. काकींना खुर्चीवर बसवून आणलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून मी मोठ्यानं वाचलं. त्यांनी विचारलं, "आजेसासूचं नाव न्हाई व्हय रं?"

नव्हतं. ते फेरफारात नव्हतं, खरेदीखतात नव्हतं. माझ्या पणजीचंही कुठंच सापडलं नाही. मी खिशातली वही काढली. काकींनी नाव सांगितलं, ते लिहून घेतलं. पाटीवर खाली अजून वीतभर जागा आहे.