दारूखान्यात औषध

बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात ‘दारू’ हा एकच शब्द तीन जागी ऐकू येतो. वरातीपुढे उडते ती शोभेची दारू. मतदानात ‘आडवी बाटली’वर शिक्का मारून बाया गावाबाहेर काढतात ती प्यायची दारू. आणि म्हातारी अंथरुणाला खिळली की लेक म्हणतो, “लई दवादारू केली, गुण येईना.” या तिघींत थोरली शेवटचीच.

फारसीत दारू म्हणजे औषध. आजही तेहरानच्या रस्त्यावर ‘दारूखाने’ अशी पाटी दिसली तर आत मेडिकलचं दुकान असतं. मराठीत मात्र दारूखाना म्हणजे तोफेच्या दारूचं कोठार. मुंबईत त्या नावाची वस्तीच आहे, तिथे जुनी जहाजं तोडतात. त्याही मागे गेलं तर अभ्यासक या शब्दाचा धागा लाकूड या अर्थाच्या ‘दारु’शी जोडतात. देवदार आणि दारुहळदीतला दारु तो हाच. औषधं झाडांच्या साली-मुळ्यांतूनच यायची, तेव्हा हे नातं पटण्यासारखं आहे.

औषधाचा स्फोट कसा झाला? चीनमध्ये किमयागार सोरा, गंधक आणि कोळशाशी खेळत होते. त्यातून नवव्या शतकाच्या सुमारास जे हाती आलं, त्याला पडलेल्या ‘हुओयाओ’ या नावाचा शब्दशः अर्थ ‘अग्नी-औषध’. फारसी ‘दारू’लाही तसाच स्फोटकाचा अर्थ चिकटला, आणि दख्खनमध्ये दरबारची भाषा फारसी. मोगलांनी 1631 मध्ये बीड जिल्ह्यातल्याच धारूरचा किल्ला घेतला तो काळ तोफांचाच, आणि मराठी बखरींतला ‘दारूगोळा’ कुणाला समजावून सांगावा लागत नाही.

पिण्याचा अर्थ हा शब्द हिंदुस्थानात आल्यावर चिकटलेला. इराणी माणूस मद्याला दारू म्हणत नाही. पिणाऱ्यांनीच ‘औषध घेतो’ म्हणत तो रुळवला असावा, असा संशय घ्यायला जागा आहे! या धंद्यातले बाकीचे शब्दही असेच दुरून आले. ‘अर्क’ मूळ अरबीत घाम, म्हणजे भट्टीच्या नळीतून ठिबकणारा थेंब. ‘शराब’ म्हणजे नुसतं पेय. सरबत तिचं सख्खं भावंड. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होतं, त्यामुळे दारूवरच्या कराचा ‘आबकारी’ हा शब्द इथल्या जुन्या माणसांना परका नाही. पुढे 1949 च्या मुंबई दारूबंदी कायद्याने तब्येतीच्या कारणावर पिण्याचा परवाना देण्याची सोय ठेवली, तेव्हा सरकारी कागदावर दारू पुन्हा औषध झाली.

जपानी ‘साके’ची गत दारूसारखीच. जगाला साके म्हणजे तांदळाची मदिरा वाटते; जपान्यांना बिअर, व्हिस्की, सगळीच साके. तांदळाची ती ‘निहोनशू’. चीनकडून आलेली एक जपानी म्हण तिला शंभर औषधांची म्होरकी ठरवते, आणि नववर्षाला जडीबुटी घातलेली ‘तोसो’ नावाची साके पितात.

निहोनशू करायची रीत मोठी नजाकतीची. तांदळाचा दाणा बाहेरून घासून काढतात. ‘दाइगिंजो’ म्हणवायचं तर निम्मा तरी दाणा कोंड्यात जातो. मग शिजल्या तांदळावर ‘कोजी’ ही बुरशी वाढवतात. ती पिठाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट साखरेचं मद्य करतं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातला ‘मेदक’ही तांदूळ, पाणी आणि ‘किण्व’ नावाच्या विरजणाचा. त्या किण्वात उडीद असायचा. डिसेंबर 2024 मध्ये युनेस्कोने कोजीने साके करण्याची ही कला मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात नोंदवली. मेदकाच्या वाट्याला मात्र असा मान आला नाही.

दाइगिंजो गार करून, इवल्याशा पेल्यातून घोट घोट घ्यायची. नाकाला आधी केळ्या-सफरचंदाचा वास येतो. ‘जुनमाई’त वरून मद्यार्क घालत नाहीत, ती चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत कोमट केली की भाताची चव उमलते. ताकद पंधरा-सोळा टक्के. एका दमात ढोसणाऱ्याला यातलं काहीच कळायचं नाही.

तांदूळ किती घासला, हे चांगल्या जपानी बाटलीवर टक्क्यांत छापलेलं असतं. महाराष्ट्रातली देशी बहुतेक मळीची, म्हणजे उसाची. तो ऊस तोडायला दिवाळीच्या आसपास ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, निघतात, त्यातले कितीतरी बीडचे. देशीच्या बाटलीच्या लेबलावर मात्र पाहायला मिळतो तो मद्यार्काचा टक्का, आणि आरोग्याला अपायकारक असल्याचा इशारा.