तान्ह्या बाळाचा खुबा

भंडारा जिल्ह्यांत वैनगंगेकांठच्या एखाद्या घरीं मूल आईच्या कडेवर बसतें, तेव्हां त्याचे पाय फांकतात आणि मांडीच्या हाडाचा गोल माथा खुब्याच्या वाटींत नीट बसतो. दुपट्यांत पाय सरळ ताणून घट्ट बांधले, तर नेमकें उलट होतें. जन्मतः सैल असलेला खुबा अशानें निखळूं शकतो. तो दुखत नाहीं. म्हणून मूल लंगडत चालूं लागेपर्यंत कोणाच्या ध्यानांतहि येत नाहीं.

हा दोष हातानें ओळखण्याची रीत इटालीच्या मारिनो ऑर्टोलानी या बालवैद्यानें १९३७ सालीं प्रसिद्ध केली. परंतु हात चुकूं शकतो. आणि नवजाताचा खुबा बहुतांशीं कूर्चेचा असल्यामुळें क्ष-किरणांत तो नीट उमटत नाहीं. ध्वनिलहरींनीं मात्र तो दिसतो, हें ऑस्ट्रियाच्या राइनहार्ड ग्राफ यांनीं १९८० सालीं दाखविलें. १९९२ पासून त्या देशांत प्रत्येक बाळाची अशी तपासणी होऊं लागली. आरंभींच सांपडलेला दोष पट्ट्यांनीं पाय फांकवून ठेवल्यानें बहुधा बरा होतो. उशीर झाल्यास शस्त्रक्रिया करावी लागते.

६ फेब्रुवारी २०१३ रोजीं पालघर येथें सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमानें या दोषास आपल्या यादींत स्थान दिलें.

हा दोष मुलांपेक्षां मुलींत पुष्कळच अधिक आढळतो. गर्भलिंग ओळखून मुली नाहींशा करण्यास आळा घालण्यासाठीं महाराष्ट्राला १९८८ सालीं कायदा करावा लागला. त्या अपराधांत पुढें जें सोनोग्राफीचें यंत्र वापरलें गेलें, तेंच जन्मलेल्या मुलीचें चालणें राखूं शकतें.