दारापुढची हरळी : अंगण, खळे आणि लॉन

१/८
पावसाळा सरला की शहरातल्या बंगल्यांपुढे लॉन कापण्याचे यंत्र घरघरू लागते. थंडीपूर्वीची ही छाटणी आपल्याला जुनीच रीत वाटते. खानदेशातल्या शेतकरी घरांत मात्र याच दिवसांत दारापुढचे गवत मुळासकट उपटले जाई. सुरुवात जळगावजवळच्या असोद्यापासून करू.

२/८
असोदा हे बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर. त्यांच्या काळातल्या शेतकरी घराला अंगण उघडे आणि घट्ट लागे. पावसात उगवलेले गवत खुरप्याने काढायचे, जमीन ओली करून चोपायची, वर शेणाचे सारवण. धान्य वाळवायला जागा मिळे आणि साप-विंचूही चटकन दिसत.

३/८
शेतातले खळेही असेच तयार होई. मध्ये मेढ रोवून तिच्याभोवती बैल फिरवायचे, ज्वारी-बाजरीची मळणी करायची. खळ्यात गवत वा भेग राहिली, तर दाणा मातीत जाई. म्हणजे हिवाळ्यापूर्वी जमीन तासण्यावर वर्षाच्या भाकरीचा हिशेब अवलंबून होता.

४/८
मग गवताला किंमत नव्हती का? होती, पण बांधावर आणि कुरणात. ते विळ्याने कापून, वाळवून त्याची गंजी रचली जाई. कापणी लांबली की गवताचा कस उतरे, म्हणून वेळ साधावी लागे. ही गंजी आणि ज्वारीचा कडबा यांवर गुरे उन्हाळा काढत.

५/८
या कथेतले मुख्य पात्र हरळी. देवघरात ती दूर्वा. काळ्या जमिनीत मात्र तिच्या मुळ्या खोल जातात. एक कांडे राहिले तरी पुन्हा फुटते. कपाशीच्या शेतकऱ्यासाठी ती चिवट वैरीण. आणि हीच हरळी पुढे बंगल्यांच्या लॉनमध्ये मानाने लावली गेली.

६/८
लॉन ही कल्पना इंग्लंडची. तेथे एडविन बडिंगने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले; कल्पना सुचली ती कापडावरची लव कातरणाऱ्या यंत्रावरून. धान्य वा चारा न देणारी जमीन राखणे हे ऐपतीचे लक्षण होते. इंग्रज अधिकाऱ्यांच्या बंगल्यांबरोबर ती हौस हिंदुस्थानात आली. माळी आणि पाणी वाहणारे गडी यांच्या श्रमावर ती पोसली गेली.

७/८
हवामान मात्र बदलले नाही. इंग्लंडमधले गवत बाराही महिने पावसावर जगते. आपली हरळी उष्ण हवेची. थंडीत तिची वाढ मंदावते, रंग पिवळट होतो. म्हणून येथे हिवाळ्यात छाटणी विरळ करावी, पाते थोडे उंच ठेवावे. पाणी मात्र माणसालाच द्यावे लागते. १९७२ चा दुष्काळ पाहिलेल्या महाराष्ट्रात हा खर्च किरकोळ म्हणता येत नाही.

८/८
अंगणाचे गोडवे गातानाही जपून. खुरपणे आणि सारवणे ही कामे बहुतांशी स्त्रियांच्याच वाट्याला होती. महसुली दफ्तरात शेतसाऱ्याची नोंद सापडते. या श्रमांची सहसा नाही. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. घरच्यांनी टिपून ठेवलेल्या त्यांच्या कविता १९५२ मध्ये पुस्तकरूपाने आल्या. त्यांत कापणी, रगडणी, उपणणी सारे आहे. खानदेशच्या जमिनीचा इतिहास लिहिताना दफ्तराशेजारी तो संग्रहही उघडा ठेवावा लागतो.